आटे

येरवड्याची मनपा शाळा, दुसरा मजला,
मंगळवार-शुक्रवार, सात ते साडेआठ.
बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची,
गुडघे बाहेर काढून बसायचे सगळे :
ब्लेसी, जिची रात्रपाळी दहाला लागते,
थानपुई, कात्री धरून धरून अंगठा सुजलेली,
रंगनाथन, ज्यांना फक्त नातवाशी बोलायचंय,
आणि शेवटच्या बाकावर गोलक बेहेरा,
केंद्रपाड्याचा.
पहिल्या दिवशी त्यानं नाव सांगितलं,
त्यानंतर सहा आठवडे
वहीत फक्त तारखा.

मी पेन्सिल वर धरून विचारायची,
"हे काय आहे?"
"ती पेन्सिल आहे," सगळे एका सुरात,
प्रार्थना म्हटल्यासारखे.
पेन्सिल आहे हे मला माहीत होतं.
त्यांनाही. बहुधा पेन्सिललाही.
"खिडकी कुठे आहे?"
"खिडकी तिथे आहे."
खिडकीबाहेर लोहगावला उतरणारं विमान,
त्याबद्दल धड्यात काही नव्हतं.

तेवीस वर्षं मी असेच प्रश्न विचारले,
उत्तरं आधीच टाचणवहीत लिहिलेली.

त्या मंगळवारी उशीर झाला.
बाही कोपरापर्यंत ओली.
धडा 'बागेत'. फळ्यावर लिहिलं, माळी.
लिहिलं, फूल.
आणि खडू तसाच हातात ठेवून म्हटलं,
"माझ्या घरी नळ गळतोय.
परवा गुरुवार, पाणी बंद.
टाकी रात्रभर अशीच रिकामी होणार.
काय करू?"

कोणी बोलेना.
हे वहीत उतरवायचं की नाही,
याचा अंदाज घेत होते.
मग मागून, घसा न खाकरता :
"कुठून?"
"नळातून," मी म्हटलं.
"नाही. तोंडातून? मानेतून?"

नळाला मान असते हे मला माहीत नव्हतं.
"मानेतून," म्हणताना माझा हात
माझ्याच मानेवर गेला,
आणि ब्लेसीनं लगेच, वॉर्डातल्या आवाजात :
"कधीपासून? खूप दुखतं?"
वर्ग हसला. थानपुई तर बाकावर डोकं टेकून.

गोलक उठला, फळ्याशी आला.
माळी पुसला. फूल राहू दिलं.
नळ काढला, उभा कापलेला,
पोटातलं सगळं दिसेल असा.
"हे आटे. आटे मेले."
"आटे गेले," मी म्हटलं, "मराठीत आटे मरत नाहीत, जातात."
"कुठे जातात?" थानपुई.
तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"वीज जाते," मी चाचपडत म्हटलं,
"कपड्याचा रंग जातो. तोंडाची चव जाते."
"माणूस?" रंगनाथन.
"माणूसही जातो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि एकेक शब्द उतरंडीसारखा रचत म्हणाले,
"माझी बायको गेली. दोन वर्ष."

'दोन वर्षांपूर्वी' माझ्या जिभेवर आलं होतं.
तिथेच ठेवलं.

गोलकच्या बोटांना खडू लागलेला.
तो तसाच त्यांच्या बाकाशी गेला, वाकला.
"नाव काय?"
पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न.
सहा आठवडे आम्ही तो एकमेकांना विचारत होतो,
उत्तर हवं होतं ते आज.

शिपायानं खाली किल्ल्या वाजवल्या.
कोणी उठलं नाही.

नळाचं पुढे झालं काहीतरी.
बुधवारी गोलक पाना घेऊन आला,
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत,
"बाई, घट्ट की जास्त घट्ट?" एवढं विचारून गेला.

पण चौथीच्या मुलांनी सकाळी फळ्यावर
काय पाहिलं असेल?
एक चिरलेला नळ.
शेजारी 'फूल', माझ्या अक्षरात.
आणि त्याखाली थरथरत्या, मोठ्या अक्षरात
कोमळम.
त्यातला ळ अगदी नीट वळलेला,
नळातला, गळण्यातला.
तो मी शिकवला नव्हता.
तो ते घरूनच घेऊन आले होते.